होडी, ओझे आणि माणसाचा स्वभाव

माणसाची खरी पारख प्रवासात होते, असे आपल्याकडे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर सीमेवर हेच वचन एका विशिष्ट प्रवासाला लावले जाते. कॅनू ही वल्ह्यांनी चालवायची अरुंद, हलकी, उघडी होडी. तीत तंबू, शिधा आणि अंथरूण-पांघरूण भरायचे, दोघा-तिघांनी मिळून एकेक होडी वल्हवीत मनुष्यवस्ती नसलेल्या सरोवरांतून आठ-दहा दिवस जायचे आणि रात्री काठावर मुक्काम टाकायचा, असा हा प्रवास. त्यावर तेथे विपुल लिहिले गेले आहे. पुढे १९६८ साली कॅनडाचे पंतप्रधान झालेले पिएर त्रूदो यांनी १९४१ साली, ऐन तारुण्यात, मॉन्ट्रियलपासून जेम्स उपसागरापर्यंत असा प्रवास केला आणि १९४४ साली ‘कॅनूतील तपश्चर्या’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहिला. या प्रकारच्या लेखनाचा सूर बहुधा एकच असतो. शहराने चढविलेले मुखवटे पाण्यावर गळून पडतात आणि खरा माणूस समोर येतो, असे त्यात सांगितलेले असते.

हा ‘खरा माणूस’ म्हणजे कोण, हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्याला टाळता येत नाही. त्याच्या सभेत कोणी ना कोणी उठून विचारतोच की, माणूस जर मुळातच स्वार्थी आहे, तर तुमचा समाजवाद तुम्ही कोणाच्या बळावर आणणार? या प्रश्नावर कॅनूच्या प्रवासाची साक्ष काढण्यासारखी आहे. मात्र ती पुरती काढली पाहिजे. सोयीचे तेवढे ऐकून साक्षीदाराला पिंजऱ्यातून खाली उतरवता कामा नये.

या प्रवासाचा प्रसिद्ध मुलूख म्हणजे मिनेसोटा राज्य आणि ओंटारिओ प्रांत यांच्या सीमेवरील सरोवरांचा प्रदेश. अमेरिकेच्या बाजूला ‘बाउंड्री वॉटर्स’ हे सुमारे ११ लक्ष एकरांचे संरक्षित अरण्य असून त्यात १००० हून अधिक सरोवरे आहेत. त्याला लागून कॅनडाच्या बाजूला १९१३ साली स्थापन झालेले क्वेटिको हे प्रांतिक उद्यान आहे. एक सरोवर संपले की होडी पाण्याबाहेर काढावी लागते. ती उलटी करून एकजण खांद्यावर घेतो, बाकीचे बोजे पाठीवर मारतात आणि दगडधोंड्यांच्या, चिखलाच्या पायवाटेने पुढच्या सरोवराचा काठ गाठतात. या ओझ्याच्या वाटेला फ्रेंचमधून आलेला ‘पोर्टेज’ हा शब्द आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेली सतरा फुटी ॲल्युमिनियमची होडी सुमारे ७५ पौंडांची असे. केव्हलर या कृत्रिम धाग्याच्या होड्या त्याहून पुष्कळ हलक्या असतात. एका खेपेत सामान गेले नाही तर रिकाम्या हाताने परतून दुसरी खेप करावी लागते, आणि मग एक मैलाची वाट तीन मैलांची होते.

अशा वाटेवर माणसांचे परस्परसंबंध कामाच्या गरजेतून आकार घेतात. होडीत पुढे बसलेल्याला पाण्याखालचा खडक आधी दिसतो, पण होडीला वळण देतो तो मागे बसलेला. दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले की होडी प्रवाहात आडवी होते. तांड्याचा वेग सर्वांत संथ होडीच्या वेगाने ठरतो, कारण तंबू एका होडीत असतो आणि भांडी दुसऱ्या होडीत. पुढे निघून गेलेल्याला थांबण्यावाचून गत्यंतर नसते. धट्टाकट्टा होडी उचलतो, किरकोळ अंगाचा वल्ही आणि भांडी घेतो, आणि संध्याकाळी दोघांच्या ताटात सारखेच पडते. ज्याच्या अंगात कणकण आहे त्याला कोरडे पांघरूण आधी मिळते. कुवतीप्रमाणे काम आणि गरजेप्रमाणे वाटा हे सूत्र ज्यांनी जन्मात वाचले नाही, वाचले तर ज्यांना संतापच येईल, असे वकील, दलाल आणि कारखान्यांचे व्यवस्थापकही हे सूत्र आठ दिवस विनातक्रार पाळतात.

याचा अर्थ तेथे सगळे देवमाणूस होतात असा नव्हे. दोन दिवस पाऊस लागतो, डास आणि काळ्या माश्या अंग फोडून काढतात, वाऱ्याने सरोवर खवळले की एकाच जागी अडकून पडावे लागते. मग चिडचिड सुरू होते. कोणी पाणी आणायच्या वेळी नेमका दिसेनासा होतो, कोणी आपल्या बोजात चॉकलेट लपवून ठेवतो. पण नऊ माणसांत कामचुकारपणा झाकून राहत नाही, आणि आपले काम ज्याच्यावर ढकलावे असा नोकर तेथे नसतो. स्वार्थ नाहीसा झालेला नसतो. त्याला तेथील व्यवस्थेत फारसे भांडवल मिळत नाही, इतकेच.

नेमकी हीच गोष्ट जी. ए. कोहेन या तत्त्वज्ञाने आपल्या युक्तिवादाच्या केंद्रस्थानी ठेवली. कोहेन यांचा जन्म १९४१ साली मॉन्ट्रियलमधील एका कम्युनिस्ट कामगार कुटुंबात झाला. त्यांची आई कपड्यांच्या कारखान्यात काम करीत असे. पुढे ते ऑक्सफर्डमध्ये राजकीय तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि ऑगस्ट २००९ मध्ये निधन पावले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘व्हाय नॉट सोशॅलिझम?’ या त्यांच्या छोट्याशा पुस्तकाचा आरंभ एका तंबूच्या सहलीने होतो. मित्रमंडळी रानात मुक्काम करतात. भांडी, गळ, पत्ते ज्याचे त्याने आणलेले, पण वापर सर्वांचा. कोहेन मग विचारतात की, या सहलीत बाजाराचे नियम आणले तर काय होईल? हॅरी मासे पकडण्यात पटाईत आहे, म्हणून तो अधिक चांगल्या माशांवर हक्क सांगू लागला. सिल्व्हियाला फळांनी लगडलेले सफरचंदाचे झाड सापडले, म्हणून ती त्याच्या बदल्यात कामातून सूट मागू लागली. मॉर्गनच्या वडिलांनी तीस वर्षांपूर्वी तेथेच तळे खोदून मासे सोडले होते, म्हणून तो वारसाहक्काने चांगल्या जेवणाची मागणी करू लागला, तर बाकीचे काय म्हणतील? ते या तिघांना हसतील किंवा त्यांच्यावर चिडतील. बाजारात जे रास्त मानले जाते, ते शेकोटीभोवती क्षुद्रपणाचे ठरते. माणसाला समतेने आणि बंधुभावाने वागता येते; पण कोठे वागता येते आणि कोठे नाही, हे पाहिले पाहिजे, असा कोहेन यांच्या म्हणण्याचा रोख आहे.

यावरचा आक्षेप उघड आहे. ही तर सुट्टी झाली! पोटापाण्याची चिंता नाही, सोबतीला निवडक मित्र, आणि आठवड्याने घरी परतण्याची खात्री. अशा अवस्थेत कोणीही उदार होईल. आक्षेप हलका नाही. त्याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. त्याच पाण्यावरचा दोन शतकांपूर्वीचा इतिहास पाहिला की पुरे.

युरोपात बीव्हर या प्राण्याच्या लोकरीपासून बनविलेल्या टोप्यांना प्रचंड मागणी होती. त्या कातड्यांच्या व्यापारासाठी मॉन्ट्रियलच्या व्यापाऱ्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्थ वेस्ट कंपनी उभी केली. दर वसंतात मॉन्ट्रियलजवळून सुमारे ३६ फूट लांबीच्या, टनावारी माल भरलेल्या होड्या पश्चिमेकडे निघत. त्या वल्हविणारे बहुतेक क्वेबेकमधील गरीब शेतकऱ्यांचे मुलगे असत. त्यांना ‘व्होयाजर’, म्हणजे प्रवासी, असे गोंडस नाव होते. वस्तुतः ते कराराने बांधलेले मजूर होते. ९० पौंडांचा एक असे दोन बोजे कपाळावरच्या पट्ट्याने पाठीवर तोलून न्यायचे, हा शिरस्ता होता. सुपीरियर सरोवराच्या काठावरील ग्रँड पोर्टेज ही ओझ्याची वाट एकटीच साडेआठ मैलांची आहे. होडीत मध्यभागी कंपनीचा भागीदार बसे. तो वल्हे हाती धरीत नसे. रात्री त्याला तंबू मिळे आणि वल्हविणारे उलट्या केलेल्या होडीखाली झोपत. ही माणसे आपल्या मालकाला ‘बूर्ज्वा’ म्हणत. मार्क्सच्या जन्मापूर्वीच हा शब्द त्या अरण्यात रोजच्या वापरात होता. कंपनीच्या कोठीतून चढ्या भावाने घेतलेला माल मजुरीतून वळता होई आणि अनेकांच्या डोक्यावर कर्ज राही. १७९४ साली रेनी सरोवरावर, म्हणजे आजच्या सहलवाल्यांच्या मुलखाला लागूनच, या वल्हेकऱ्यांनी वाढीव मजुरीसाठी काम थांबविले. कंपनीने तो संप मोडला आणि काही म्होरक्यांना मॉन्ट्रियलला परत धाडले.

आता दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवावीत. पाणी तेच, वाट तीच, डासही तेच. पण एकीकडे ओझे, शिधा आणि निर्णय सर्वांचे आहेत. दुसरीकडे ओझे एकाचे, नफा दुसऱ्याचा आणि निर्णय मॉन्ट्रियलच्या पेढीवर. पहिल्या होडीतील वकील उदार दिसतो आणि दुसऱ्या होडीतील शेतकऱ्याचा मुलगा मजुरीच्या पैशापैशासाठी अडून बसतो. यावरून वकील स्वभावाने थोर आणि शेतकरी लोभी असा निष्कर्ष कोणी काढील काय? तेव्हा अरण्यात माणसाचा ‘मूळ स्वभाव’ उघडा होतो, हे म्हणणे टिकत नाही. तेथे उघडी होते ती व्यवस्था. होडी लहान आणि माणसे थोडी असल्यामुळे शहरात जे दहा भिंतींआड चालते, ते तेथे डोळ्यांसमोर घडते. सुट्टीमुळे माणूस उदार होतो हे खरेच. पण सुट्टी हीसुद्धा मालक आणि मजूर हे नाते काही दिवस तहकूब ठेवणारी व्यवस्थाच आहे.

साक्षीचा दुसरा भाग अधिक कडू आहे. मालकी आणि मजुरी नसली म्हणजे सारे आपोआप सुरळीत होते, असे समजणाऱ्यांनी ११ जून १९७८ या दिवसाची आठवण ठेवावी. ओंटारिओतील एका खाजगी शाळेचे २७ विद्यार्थी आणि ४ मार्गदर्शक चार मोठ्या कॅनूंतून टिमिस्कॅमिंग सरोवरावर निघाले. खडतर अनुभवातून चारित्र्य घडते, हे त्या शाळेचे ब्रीद होते. वारा वाढला, एक होडी उलटली. मदतीच्या धडपडीत आणखी दोन उलटल्या. मुलांच्या अंगावर तरंगती जाकिटे होती, पण पाणी बर्फासारखे थंड होते. १२ मुले आणि १ मार्गदर्शक मृत्यू पावले. त्या मुलांना तेथे लोभाने नेले नव्हते. नेणाऱ्यांची निष्ठा निःसंशय होती. पण ज्या संस्थेत कष्ट सोसणे हाच सद्गुण ठरतो, तेथे ‘आज वारा फार आहे, आज नको’ असे म्हणणारा भित्रा ठरतो, आणि बारा-तेरा वर्षांचा मुलगा भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा वल्हे उचलणे पसंत करतो.

अनुभवी कॅनूवाल्यांचा एक अलिखित संकेत आहे. खळाळत्या पाण्यातून होडी घालावी की काठाने सामान वाहून न्यावे, याबद्दल एकाचेही मन कचरत असेल तर सर्वांनी वाहून न्यावे. यात वेळ जातो, जोरकस मंडळींची निराशा होते, पण माणसे परततात. समतेचा हा अर्थ समान वाटपाच्या अर्थाइतकाच मोलाचा आहे. ज्या पक्षात, ज्या युनियनमध्ये किंवा ज्या सहकारी संस्थेत शंका काढणाऱ्याला निष्ठेची परीक्षा द्यावी लागते, तेथे ध्येय कितीही उदात्त असो, होडी केव्हा तरी थंड पाण्यात जाणार. विसाव्या शतकातील समाजवादाच्या इतिहासात याची उदाहरणे शोधावी लागत नाहीत.

साक्षीचा तिसरा भाग शेकोटीच्या वर्तुळाबाहेरचा आहे. ज्याला निर्जन अरण्य म्हणतात, ते निर्जन कधीच नव्हते. कॅनू ही मुळात तेथील मूलनिवासींची निर्मिती. भूर्जाची साल, सीडर लाकडाच्या फासळ्या, स्प्रूस वृक्षाच्या मुळांची शिवण आणि राळेचा लेप यांतून ओजिब्वे लोक ती बनवीत. ओझ्याच्या वाटा त्यांच्या पायांनी पडल्या. उथळ पाण्यात उगवणारा रानतांदूळ, ज्याला ते ‘मनोमिन’ म्हणतात, ते कॅनूतूनच गोळा करतात. एकजण लांब काठीने होडी पुढे रेटतो, दुसरा दोन छोट्या काठ्यांनी ओंब्या वाकवून दाणे होडीत झाडतो. ईशान्य मिनेसोटाचा मुलूख १८५४ च्या तहाने त्यांच्याकडून घेण्यात आला. शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क तेवढा कागदावर राहिला. क्वेटिकोच्या हद्दीतील त्यांची एक राखीव जमीन ओंटारिओ सरकारने १९१५ साली रद्द केली, आणि त्याबद्दल माफी मागायला १९९१ साल उजाडावे लागले. अमेरिकेच्या १९६४ च्या अरण्य कायद्याने माणूस अरण्यात पाहुणा असतो, तेथे राहत नाही, अशी व्याख्या केली. ज्यांचे ते घर होते त्यांना ही व्याख्या कशी वाटली असेल?

वर्तुळाबाहेर दुसरेही कोणी होते. बाउंड्री वॉटर्सच्या वेशीवरील ईली हे खाणकामगारांचे गाव. तेथील शेवटची लोखंडाची खाण १९६७ साली बंद पडली. दहा वर्षांच्या आत सरोवरांतील मोटारबोटींवर आणि वृक्षतोडीवर कडक बंधने घालण्याचा प्रस्ताव आला. १९७७ साली ईलीत सुनावणी झाली, तेव्हा संतप्त जमावाने सिगर्ड ओल्सन यांच्या पुतळ्याला फास दिला. ओल्सन हे त्या अरण्याचे थोर लेखक; कॅनूचे वाटाडे म्हणून त्यांनी उमेदीची वर्षे काढली, गावातल्याच महाविद्यालयात शिकविले आणि ते ईलीतच राहत. १९७८ साली कायदा झाला, आणि अरण्य वाचले हे चांगलेच झाले. पण बेकार झालेल्या खाणकामगाराला पर्यायी रोजगाराचा शब्द न देता त्याच्या दारातल्या पाण्यावर नियम लादले, की तो निसर्गाचा शत्रू ठरतो आणि खाणमालक नामानिराळा राहतो. रामचंद्र गुहा यांनी १९८९ साली लिहिलेल्या निबंधात हाच दोष भारताच्या बाजूने दाखविला. माणसाविना अरण्य ही अमेरिकी कल्पना जेथे गरीब माणूस जंगलावर जगतो अशा देशांत आणली, तर संरक्षणाचा भार त्याच्याच डोक्यावर येतो. व्याघ्र प्रकल्पाच्या १९७३ साली ठरलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. तेथील कोरकूंना ही गोष्ट निबंध वाचून समजून घ्यावी लागली नाही.

तेव्हा शेकोटीभोवतीची समता खोटी नव्हे, पण ती अपुरी आहे. वर्तुळातल्या नऊ जणांनी सफरचंदे वाटून घेतली; झाड कोणाच्या जमिनीवर उभे होते, हे कोणी विचारले नाही. कोहेन यांच्या मॉर्गनला सगळे हसतात हे ठीकच. पण तळे खरोखर ज्यांनी खोदले होते आणि ज्यांना तेथून हुसकले गेले, ते लोक काठावर येऊन उभे राहिले तर त्यांना हसून भागणार नाही.

मग या साक्षीतून कार्यकर्त्याने घ्यावे काय? कोहेन यांनी स्वतः प्रामाणिकपणे मान्य केले की, सहलीतला बंधुभाव सबंध समाजाच्या अर्थव्यवस्थेत कसा उतरवावा, याचे तंत्र अद्याप हाती नाही. स्वार्थावर अर्थव्यवस्था चालविण्याची यंत्रणा माणसाने तयार केली. औदार्यावर ती चालविण्याची यंत्रणा घडवायची राहिली आहे. हा दोष माणसाच्या स्वभावाचा नसून यंत्रणेच्या अभावाचा आहे, असे त्यांचे निदान होते. ते बरोबर आहे, आणि त्याला त्याच अरण्यातून एक लहानसा पुरावाही मिळतो. बाउंड्री वॉटर्समध्ये एका तांड्यात नऊपेक्षा अधिक माणसे आणि चारपेक्षा अधिक होड्या नेता येत नाहीत. प्रत्येक प्रवेशद्वारातून रोज किती तांडे सोडावयाचे याची मर्यादा ठरलेली आहे. पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या नेण्यास मनाई आहे. अनोळखी माणसे एकमेकांना न भेटताही पुढच्यासाठी जागा स्वच्छ ठेवतात, ती केवळ मनाच्या मोठेपणाने नव्हे. नियम सर्वांना सारखा आहे आणि तो कागदावर आहे, हेही त्याचे कारण आहे. सद्भावनेला नियमाचा आधार मिळाला की ती आठ दिवसांपुरती राहत नाही.

आपल्याही चळवळीत शिबिरे भरतात. एकत्र स्वयंपाक होतो, श्रमदान होते, पुढारी आणि कार्यकर्ता एका सतरंजीवर झोपतात. निरोपाच्या दिवशी डोळे ओलावतात, आणि आठवड्याभरात सर्वजण आपापल्या जुन्या व्यवहाराला लागतात. याबद्दल माणसाच्या स्वभावाला दोष देत बसण्यात अर्थ नाही. शिबिरातली कोणती व्यवस्था गावात नेता येईल, हे कोणी ठरविलेले नसते. म्हणून शिबिर उठताना चार साधे प्रश्न लिहून घ्यावेत. ओझे कोणी वाहिले? वाटप कसे झाले? नको म्हणण्याची मुभा कोणाला होती? आणि वर्तुळाबाहेर कोण उभे होते? हेच प्रश्न मग दूध संस्थेला, पतपेढीला, युनियनला आणि स्वतःच्या पक्षशाखेलाही विचारावेत. माणूस स्वार्थी आहे म्हणून समाजवाद अशक्य आहे, असे सभेत उठून म्हणणाऱ्याला याहून चांगले उत्तर भाषणातून देता येणार नाही.